चार बोटं

दोंडाईच्याला, मिरचीबाजाराच्या मागे,
बनाबाईची पिठाची चक्की.
तिनं कोपरा विकला नाही
म्हणून प्लॉट उरला गुण्यासारखा,
एक बाहू रस्त्याला, एक नाल्याकडे,
बगलेत दिवसभर घरघर.

धुडकूआप्पा आणि हिलालतात्या, सख्खे भाऊ,
चार मजले मागतात.
जिना रस्त्याकडच्या टोकाला, लिफ्टही तिथंच,
खाली गाळे मोकळे, ट्रक आत यावेत असे.
मी नकाशा उलगडते
आणि मला घर दिसत नाही,
घराचं वळणं दिसतं.

वजन एकीकडे, बळ दुसरीकडे.
जमीन सरळ ढकलते
पण असं घर सरळ जात नाही,
ते स्वतःभोवती पीळ घेतं.
हे सांगताना माझे शब्द पुस्तकी झाले.
रज्जाक मिस्तरीनं विडी विझवली.
“ताई, खळं पाह्यलं का?
तिवड्याजवळचा बैल जागीच पाय उचलस,
भाहेरना बैल जास्त चालस.”

धुळ्याच्या कॉलेजात
मी यावर तीन पानं लिहिली होती.

तर जिना हा तिवडा,
आणि नाल्याकडचा शेवटचा खांब तो बिचारा बैल.
तिकडं मी भिंत मागितली, काँक्रीटची,
पायापासून गच्चीपर्यंत सलग.
तात्यांनी तिथं शटर ठरवलं होतं.
दोन आठवडे त्यांचा फोन नाही.

मग आतला कोपरा.
सदरा उसवतो तो काखेतच.
म्हटलं, ठिगळ नको,
आधीच दोन तुकडे बेतू :
दोन सरळ चौकोनी इमारती,
मधे चार बोटं हवा.

आप्पांनी चष्मा काढला.
“बाई, दोन भाऊस्मा फट कशाले?”
ओट्यावर देठ खुडणाऱ्या दोघी जावांचे हात
मिरचीवर थांबले.

“चिकटून उभ्या राहिल्या
तर हादऱ्यात एकमेकींना ठोसे मारतील,” मी म्हणाले,
“भिंती. मी भिंतींबद्दल बोलतेय.”

दुसऱ्या दिवशी बाजारात पक्कं झालं होतं
की धुडकू-हिलाल वेगळे निघाले.
एका अडत्यानं तर
दोन नावांची दोन बिलं पाठवली.
माझ्याकडं कोष्टकं होती, आलेख होते,
या बिलांना उत्तर नव्हतं.
आप्पांनी ती दोन्ही बिलं एकाच टाचणीत टोचली
आणि म्हणाले, काम चालू करा.

प्रत्येक स्लॅबनंतर मी फटीत टॉर्च मारायची.
आत अर्धी वीट, वाळलेला माल, गुटख्याची पुडी,
एकदा लहान मुलाची एक चप्पल.
गवंड्याच्या हाताला पोकळी पाहवत नाही,
त्याचा पिंडच बुजवण्याचा.
पण कुठंही एक ढेकूळ अडकलं
की मधली हवा संपली,
आणि माझी सगळी आकडेमोड त्या ढेकळावर येऊन आदळणार.

मी ओरडायचे. ते हसायचे.
तापीकाठी जमिनीत भेग आहे, मी सांगायचे.
“भेग जमिनीत शे, मंग घरमा कशाले?”
हे कोण म्हणालं कळायचं नाही.

तिसऱ्या स्लॅबला सकाळी लवकर पोचले.
आप्पा पालथे पडून
लांब सळईनं फट टोकरत होते,
धोतर सिमेंटनं पांढरं.
खाली तात्या घमेलं धरून, मान वर, तोंड मिटून.
माल पडत होता टप टप.
“हाई रिकामी ऱ्हावाले जोयजे,” आप्पा खेकसले,
माझ्यावर नाही,
रज्जाकवरही नाही.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही
की गणितात साडेतीनच बोटं आली होती.
अर्धं माझ्या भीतीचं.

दुपारी चक्की सुरू झाली.
मी फटीच्या दोन्ही काठांवर तळवे ठेवले.
उजवा थरथरत होता.
डावाही, पण उशिरा,
आपल्या चालीनं.
बनाबाईनं पट्टा उतरवला तेव्हा
दोन्ही थांबले.
एकदम नाही.